पाइपाला विश्रांती का हवी?

लंडनमधील तंबाखूच्या जुन्या व प्रतिष्ठित दुकानांतून एके काळी एक निराळ्या तऱ्हेची पेटी विकावयास ठेवलेली असे. पेटीस बाहेरून चामड्याचे वेष्टन, आतून मखमलीचे अस्तर, आणि त्या अस्तरात पाडलेल्या खाचांतून एकाच घाटाचे सात पाइप ओळीने निजविलेले. काही पेट्यांतील पाइपांवर वारांची नावेही कोरलेली असत. सोमवारचा पाइप सोमवारी ओढावा, रात्री पुसून खाचेत ठेवावा, आणि पुन्हा तो बाहेर निघावा तो पुढच्या सोमवारीच, असा त्या पेटीचा संकेत होता. ही पेटी प्रथमच पाहणारास हा श्रीमंतांचा एक चोचला वाटला तर त्यात नवल नाही. माणसास तोंड एक, मग पाइप सात कशाला, हा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. परंतु पेटीच्या मुळाशी केवळ डौल नाही. लाकूड, अग्नी आणि पाणी या तिघांचा एक साधा, परंतु चुकविता न येणारा व्यवहार तिच्या मुळाशी आहे. तो व्यवहार कसा चालतो, तो सांभाळल्याने कशाचे रक्षण होते आणि कशाचे होत नाही, हे समजून घेण्यासारखे आहे.

पाइपाचे मुख्य भाग तीन. तंबाखू भरावयाची वाटी, वाटीच्या बुडापासून निघालेली तिच्याच लाकडाची दांडी, आणि दांडीच्या टोकात घट्ट बसणारी, दातांत धरावयाची नळी. आपल्याकडील चिलीम ज्यांनी पाहिली आहे त्यांना यात फारसे नवे वाटणार नाही. भेद आहे तो धुराच्या वाटेत. चिलमीचा धूर ओल्या छापीतून गाळून येतो, हुक्क्याचा पाण्यातून बुडबुडत येतो. साध्या पाइपाचा धूर मात्र वाटीतून दांडीत व दांडीतून नळीत असा थेट तोंडापर्यंत येतो. चिलमीची घाण छापी घेते, हुक्क्याची पाणी घेते, आणि छापी धुता येते, पाणी बदलता येते. पाइपाची ओल व घाण घेणारे मधे दुसरे कोणीच नसल्यामुळे ती लाकडाला घ्यावी लागते. लाकूड काही छापीसारखे पिळून काढता येत नाही. ते आपल्या गतीने वाळेल तेव्हाच वाळते.

ही ओल येते कोठून? जळत्या वस्तूतून पाणी निघते हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटते. तथापि त्याचा पडताळा घरच्या घरी पाहता येतो. कोरडा व थंड असा काचेचा पेला पेटत्या मेणबत्तीच्या ज्योतीवर क्षणभर उपडा धरावा. पेल्याच्या आतल्या अंगास लगेच दव जमलेले दिसते. मेणातील हायड्रोजनाचा हवेतील ऑक्सिजनाशी संयोग होऊन ते पाणी तयार झालेले असते. तंबाखूच्या पानातही हायड्रोजन असतोच. तेव्हा पान जळाले की पाणी होणारच. शिवाय पाइपात भरावयाची तंबाखू मुद्दाम थोडी दमट ठेवलेली असते, कारण अगदी वाळलेली तंबाखू भरभर जळते आणि तिचा धूर जिभेला पोळतो. तिच्या वजनात सामान्यतः शेकडा दहापासून वीसपर्यंत, आणि काही मिश्रणांत त्याहूनही अधिक, पाणी असते. तिसरा वाटा ओढणाराच्या लाळेचा. वाटीतील विस्तवाने या सर्व पाण्याची वाफ होते, ती धुराबरोबर खाली उतरते, आणि दांडी व नळी त्या मानाने थंड असल्यामुळे तेथे तिचे पुन्हा पाणी होते. त्यात तंबाखूचे डांबर, निकोटीन व इतर कडवट द्रव्ये मिसळलेली असतात. पाइप संपल्यावर वाटीच्या तळाशी जो काळपट ओला गाळ उरतो, तो या मिश्रणाने भिजलेल्या अर्धवट जळक्या तंबाखूचाच असतो.

हा गाळ किती ओला असतो याची साक्ष इंग्रजी वाङ्मयातही सापडते. आर्थर कॉनन डॉइल यांच्या शेरलॉक होम्सच्या कथा आपल्याकडील सुशिक्षित घरांतून आवडीने वाचल्या जातात. त्यांपैकी १८९२ साली प्रसिद्ध झालेल्या, एका इंजिनियराच्या तुटलेल्या अंगठ्याच्या कथेत होम्सची एक सवय वर्णिलेली आहे. आदल्या दिवशीच्या सर्व पाइपांतून उरलेला गाळ तो शेगडीवरील फळीच्या कोपऱ्यात जपून वाळत घाली आणि सकाळी न्याहारीपूर्वी तोच पाइपात भरून ओढी. सवय किळसवाणी खरी. परंतु कथाकाराचे निरीक्षण अचूक आहे. तो गाळ पेटण्याजोगा व्हावयास रात्रभर वाळावा लागे. गाळाची ही अवस्था, तर ज्या लाकडाने त्याच गाळाचे पाणी आत घेतले त्याला वाळावयास किती अवधी लागत असेल, याचा अंदाज यावरून करावा.

आता या लाकडाकडे वळू. उत्तम पाइप ज्या लाकडाचे होतात त्यास ब्रायर म्हणतात. 'ब्रुयेर' या फ्रेंच शब्दावरून हे नाव आले. भूमध्य समुद्राभोवती, कॉर्सिका, सार्डिनिया, दक्षिण इटलीतील कालाब्रिया, ग्रीस, अल्जीरिया इत्यादी प्रदेशांतील कोरड्या डोंगरउतारांवर एरिका आर्बोरिया नावाचे एक झुडूप वाढते. त्याचे खोड व मुळे जेथे मिळतात तेथे, मातीत, एक मोठी गाठ धरते. वणव्यात वरचे झुडूप जळून खाक झाले तरी या गाठीतून पुन्हा कोंब फुटतात. आगीतून व अवर्षणातून झाडाचा जीव राखणे हेच तिचे काम होय. म्हणूनच तिचे लाकूड अतिशय घट्ट असते, लवकर पेट घेत नाही, आणि त्याच वेळी ओल शोषून घेण्याची शक्तीही त्याच्या अंगी असते. पाइपास नेमके हेच दोन गुण हवेत. आच सोसली पाहिजे आणि ओल प्याली पाहिजे.

ही गाठ पाइपाजोगी व्हावयास सामान्यतः तीस ते साठ वर्षे लागतात. ती खणून काढल्यावर दमट ठेवावी लागते, नाहीतर एकदम वाळून चिरते. मग तिचे ठोकळे कापून ते मोठ्या कढयांतून बारा-बारा तास, कधी त्याहूनही अधिक वेळ उकळतात. असे केल्याने झाडाचा कडवट रस निघून जातो. त्यानंतर ते ठोकळे सावलीत कित्येक महिने सावकाश वाळवितात. फ्रान्सच्या जूरा डोंगरांतील सेंट-क्लोद या गावी लाकडावर कातकाम करणारे कारागीर पिढ्यानपिढ्या होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास त्यांनी ब्रायरचे पाइप करावयास आरंभ केला आणि तेथून ते जगभर गेले. सांगावयाचा मुद्दा असा की पाइपाचे लाकूड घडविणारांनी त्याला आधीच महिनोन् महिने वाळण्याचा अवकाश दिलेला असतो. ओढणारा जेव्हा एकच पाइप दिवसभर विझू देत नाही, तेव्हा कारागिराने महिन्यांच्या धीराने साधलेला कोरडेपणा तो काही दिवसांत घालवून बसतो.

ओढताना लाकडाचे काय होते ते पाहावे. वाटीच्या आतल्या अंगास विस्तवाची आच लागते आणि त्याच वेळी तळाकडचे व दांडीतील लाकूड पाणी पीत असते. एका अंगाने तापणे आणि दुसऱ्या अंगाने भिजणे असा दुहेरी ताण त्यावर पडतो. पाइप विझला की वाटी हळूहळू निवते आणि प्यालेले पाणी आल्या वाटेने बाहेर पडू लागते. बाहेरील अंगास बहुधा कार्नोबा नावाच्या, ब्राझीलमधील ताडाच्या पानांपासून मिळणाऱ्या, मेणाची झिलई केलेली असते. म्हणून ओल जाते ती मुख्यत्वे वाटीच्या आतून व दांडीच्या छिद्रातून. ही वाट अरुंद. तिच्यातून ओल तासाभरात जात नाही. पावसात भिजलेला चामडी जोडा वरून पुसल्यावर कोरडा दिसतो. परंतु दुसऱ्या दिवशी तसाच पायात घातला तर आतून गार लागतो, वास मारतो, आणि चार-दोन वेळा असे घडले की शिवणीतून उसवतो. पाइपाचीही गत अशीच होते.

विश्रांती न दिल्यास होणारे अपाय तीन. पहिला स्वादाचा. ओल्या लाकडात भरलेली तंबाखू नीट जळत नाही, पुन्हा पुन्हा विझते, दांडीत पाणी गुळगुळ वाजू लागते आणि धुरास एक आंबट-कडू घाणेरडी चव येते. दुसरा अपाय लाकडाचा. ओले लाकूड वारंवार तापविले की ते फुगते, आकसते, आणि शेवटी त्यास तडा जातो किंवा तळाशी ते जळून भोक पडते. तिसरा अपाय सांध्याचा. नळी दांडीत जेथे बसते तेथे लाकूड ओलाव्याने फुगते व नळीवर आवळून बसते. अशा वेळी ओढून काढू गेल्यास दांडी चिरते किंवा नळीचे टोक मोडते. पाइप गरम असताना नळी कधीही काढू नये, हा जुन्या ओढणारांचा नियम याच कारणाने पडला.

मग विश्रांती किती द्यावी? या धंद्यातील व छंदातील लोकांचा परंपरेने चालत आलेला ठोकताळा असा की, एकदा ओढलेला पाइप निदान एक अहोरात्र तरी हाती घेऊ नये. दोन दिवस ठेवता आला तर उत्तम. यावरून हिशेब सोपा आहे. समजा, एखादा गृहस्थ दिवसातून दोन वेळा पाइप ओढतो आणि प्रत्येक पाइपास, ओढल्याचा दिवस सोडून, दोन पूर्ण दिवस विसावा देतो. म्हणजे एका पाइपाची पाळी तिसऱ्या दिवसानंतर पुन्हा येते. तीन दिवसांत दोनप्रमाणे सहा वेळा ओढणे होते; तेव्हा त्यास सहा पाइप हवेत. दिवसाकाठी एकच ओढणारास तीन पुरतात. आठवड्याच्या पेटीतील पाइपास तर सहा दिवसांची सुटी मिळते. पाळी चुकू नये म्हणून एक साधी युक्ती असे. घोडीवर पाइप ओळीने लावावयाचे, घ्यावयाचा तो डाव्या टोकाचा, आणि परत ठेवावयाचा तो उजव्या टोकास, बाकीचे एकेक घर डावीकडे सरकवून. यात वार लक्षात ठेवण्याचीही गरज पडत नाही.

नुसते बाजूस ठेवणे म्हणजे विश्रांती नव्हे. पाइप विझल्यावर प्रथम वाटीतील राख व गाळ अलगद काढावा. टेबलाच्या कडेवर आपटून काढू नये, कारण त्या धक्क्याने दांडी दुखावते. मग, नळी न काढता, लोकर गुंडाळलेली बारीक तार नळीतून वाटीपर्यंत घालून आतले पाणी टिपून घ्यावे. तार काळी निघाली तर दुसरी घालावी. पाइप पूर्ण निवल्यावर, वाटल्यास, नळी काढून सांधा पुसावा. कित्येक जण एक कोरडी तार रात्रभर आतच राहू देतात, म्हणजे ती उरलीसुरली ओल शोषते. ठेवण्याची जागा मोकळ्या हवेची परंतु उन्हाबाहेरची असावी. बंद डब्यात ओल कोंडते, आणि उन्हात दुसरेच संकट उभे राहते. पुष्कळ पाइपांच्या नळ्या व्हल्कनाइटच्या, म्हणजे गंधक मिसळून कठीण केलेल्या रबराच्या असतात. प्रकाशाने व ओलाव्याने त्यांचा काळा तुकतुकीत रंग जाऊन त्या हिरवट-पिवळ्या होतात आणि जिभेस गंधकाची चव लागते.

विश्रांतीचा आणखी एक उपयोग सहज ध्यानात येत नाही. ओढता ओढता वाटीच्या आतल्या अंगास कोळशाचे एक पुट चढते. हे पुट म्हणजे लाकडाचे चिलखत. विस्तवाची आच ते स्वतः सोसते आणि थोडीबहुत ओलही आपल्यात घेते. परंतु ओले पुट मऊ व ठिसूळ असते. ते वाळून टणक व्हावयास अवधी लागतो. घाईने चढविलेल्या ओल्या पुटाचे पोपडे निघतात. उलटपक्षी पुट फार जाड झाले तरी वाईट. तापल्यावर पुट व लाकूड सारख्या प्रमाणात फुगत नाहीत, आणि जाड पुटाच्या नेटाने वाटी तडकते. म्हणून ते साधारण एक ते दीड मिलिमीटरपर्यंत राखून बाकीचे खरवडून टाकतात.

सर्वच पाइपांना ही विश्रांती सारखी लागते असे मात्र नाही. युरोपात ब्रायरच्या पूर्वी शेकडो वर्षे पांढऱ्या मातीचे भाजलेले पाइप चालत. हॉलंडातील खाउडा आणि इंग्लंडातील ब्रोझली ही गावे त्यांच्यासाठी प्रसिद्ध होती. माती कितीही तापली तरी जळत नाही. इंग्लंडातील खाणावळींतून वापरलेले मातीचे पाइप लोखंडी जाळीत रचून भट्टीत घालीत. आतली घाण जळून जाई व पाइप पुन्हा पांढरे होऊन निघत. त्यांचे दुःख एकच, ते लगेच फुटत. लंडनमध्ये थेम्स नदीच्या काठी ओहोटीच्या वेळी त्यांचे तुकडे अजून सापडतात. दुसरा प्रकार मीरशामचा. या जर्मन नावाचा अर्थ समुद्राचा फेस. परंतु आपल्याकडे ज्यास समुद्रफेस म्हणतात त्याच्याशी याचा काही संबंध नाही. हे एक हलके, सच्छिद्र, पांढरे खनिज असून तुर्कस्तानातील एस्कीशेहिरच्या आसपास जमिनीतून काढतात. ते ओल भरपूर पिते व लाकडापेक्षा लवकर मोकळे होते, आणि वापराने हळूहळू मधासारखा तांबूस रंग धरते. तिसरा प्रकार अगदी गरिबाचा, मक्याच्या कणसाच्या बुरखुंडाचा. अमेरिकेतील मिसूरी संस्थानात वॉशिंग्टन नावाच्या गावी हेन्री टिबी या कातकाऱ्याने १८६९ साली असे पाइप करावयास प्रारंभ केला. हा पाइप सवंग असल्यामुळे त्याला जपण्यापेक्षा झिजल्यावर टाकून नवा घेणे सोयीचे पडते. तेव्हा विश्रांतीचा हा सारा शास्त्रार्थ मुख्यत्वे ब्रायरच्या वाट्यास आला, कारण तोच महाग, तोच टिकाऊ, आणि तोच ओलीने बिघडणारा.

पाइपास विश्रांतीची गरजच उरू नये असे प्रयत्नही पुष्कळ झाले. डब्लिन येथील चार्ल्स पीटरसन याने १८९० साली एका रचनेचे पेटंट मिळविले. तीत दांडीच्या आत धुराच्या वाटेखाली एक लहानशी विहीर ठेवलेली असून धुरातील पाणी तोंडाकडे न येता तिच्यात साचते. पुढे कागदाच्या, कोळशाच्या गाळण्या निघाल्या व त्या नळीत बसविण्यात येऊ लागल्या. या युक्त्यांनी ओल कमी झाली, संपली नाही. विहीर उपसून पुसावी लागते, गाळणी बदलावी लागते, आणि लाकूड ते लाकूडच राहते.

मुंबई-कोकणच्या हवेत या गोष्टीस विशेष महत्त्व आहे. वस्तू वाळते ती हवा कोरडी असेल तितकी लवकर. मुंबईस जुलै महिन्यात हवेतील सापेक्ष आर्द्रता सामान्यतः शेकडा ऐंशीच्या वर असते. दोरीवरची धोतरे तीन दिवस दमट राहतात, तेथे दांडीच्या अरुंद छिद्रातून ओल कशी निघावी? तेव्हा इंग्लंडातल्या पुस्तकी नियमातील एक दिवस येथे पावसाळ्यात पुरत नाही. ही गोष्ट न ओढणारांनाही उपयोगाची आहे. पुष्कळ जुन्या घरांतून आजोबांचा एखादा ब्रायरचा पाइप स्मरण म्हणून कपाटात जपून ठेवलेला असतो आणि दर पावसाळ्यानंतर त्याच्यावर बुरशी धरलेली दिसते. तो पाण्याने कधीही धुऊ नये. आतून कोरड्या तारेने पुसावा, बाहेरून मऊ फडक्याने, आणि बंद डब्याऐवजी सावलीत वारा लागेल असा ठेवावा. लाकूड आतून एकदा कोरडे झाले की तो आणखी दोन पिढ्या सहज टिकेल.

येथवर झाले ते पाइपाच्या रक्षणाविषयी. पेटीचे गुणगान करून थांबता आले असते. परंतु या व्यवस्थेची दुसरी बाजू पाहिल्यावाचून विषय पुरा होत नाही. एकच पाइप बाळगणारा मनुष्य दिवसातून तिसऱ्या-चौथ्यांदा तो पेटवू लागला की ओले लाकूड त्याला आपण होऊन अडवी. धूर कडू लागे, पाणी तोंडात येई, आणि तो कंटाळून पाइप खाली ठेवी. ही कडवट चव म्हणजे एक प्रकारची सूचनाच होती. लाकूड जणू सांगे की आता पुरे. घोडीवर सहा-सात पाइप आले आणि ही सूचना बंद झाली. एक पाइप ओला झाला तर दुसरा कोरडा, गोड, हाताशी तयार! ज्या व्यवस्थेने पाइपाला विश्रांती मिळाली, तिनेच ओढणाराची विश्रांती काढून घेतली. आठवड्याच्या पेटीतील प्रत्येक पाइप सातांपैकी सहा दिवस निजून असतो. ओठ, जीभ व घसा मात्र सातही दिवस कामावर असतात.

त्यांच्यावर काय गुदरते हे आता नीट ठाऊक झालेले आहे. पाइप ओढणारे बहुधा धूर छातीत घेत नाहीत, म्हणून तो निरुपद्रवी, अशी समजूत फार दिवस प्रचलित होती. तथापि पाइपाच्या तंबाखूचा धूर बहुधा अल्कधर्मी असल्यामुळे त्यातील निकोटीन तोंडाच्या अस्तरातूनच रक्तात जाते. छातीत न घेताही सवय जडते ती यामुळेच. आणि जो धूर लाकडाला डांबर देतो तो तोंडालाही देतोच. झोमरिंग या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने १७९५ सालीच पाइप ओढणारांच्या ओठास होणाऱ्या कर्करोगाची नोंद केली होती. अमेरिकेच्या सर्जन जनरलांच्या १९६४ च्या अहवालाने पाइप ओढणे हे ओठाच्या कर्करोगाचे कारण असल्याचे सिद्ध मानले. पुढे २००४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका व फुप्फुसे या सर्वांच्या कर्करोगाशी पाइपाचा कार्यकारणसंबंध नमूद झाला. ही संस्था फ्रान्समध्ये लिओं येथे आहे. ज्या सेंट-क्लोद गावाने ब्रायरचा पाइप जगास दिला, ते तेथून फार दूर नाही.

लाकूड व तोंड यांत मोठा भेद आहे तो असा. लाकडाने प्यालेले पाणी दोन दिवसांत उडून जाते व लाकूड पूर्ववत होते. तोंडाच्या अस्तरास झालेला अपाय दोन पाइपांमधल्या तासाभरात किंवा एका रात्रीत भरून निघत नाही. तोंडालाही विश्रांती मानवते यात शंका नाही. धूम्रपान सोडल्यावर वर्षे लोटतात तसतसा तोंडाच्या कर्करोगाचा धोका उतरत जातो असे दिसून आले आहे. परंतु त्याला हवी असलेली विश्रांती पाळीपाळीची नव्हे, ती कायमची होय. आठवड्याची पेटी करणाऱ्या कारागिरास लाकडाचा स्वभाव पुरता कळला होता, आणि त्या स्वभावास मान देऊन त्याने सात खाचा पाडल्या. तोच न्याय स्वतःच्या देहास लावावयाचा की नाही, हे मात्र पेटी बाळगणारावर सोपविलेले होते. आज ज्यांच्या घरी असा जुना पाइप असेल त्यांनी तो पुसून, वाळवून, अवश्य जपावा. साठ वर्षांच्या गाठीतून निघालेले ते लाकूड जपण्याजोगे खरेच. पण तो जपावा तो निजलेलाच.